गाडीतलं इथरनेट: ६० ओहमचा हिशेब इथं चालत नाही

माधवनगर_ऑटोइलेक्ट्रिक

नमस्कार मंडळी. सांगली, मिरज, कुपवाडकडच्या गॅरेजांत आता कॅनबरोबर (गाडीतल्या इलेक्ट्रॉनिक डब्यांना, म्हणजे मॉड्यूलांना, जोडणारी नेहमीची दोन तारांची लाइन) इथरनेट असलेल्या गाड्या येऊ लागल्यात. जुन्यात घेतलेल्या जर्मन गाड्या आहेतच, शिवाय रडार, चारी बाजूंचे कॅमेरे आणि डॅशबोर्डभर पडदा असलेल्या नव्या गाड्याही. आपल्याकडच्या वायरमन मंडळींचा हात कॅनवर बसलेला आहे: ओबीडी पोर्टच्या (डॅशबोर्डखालचं तपासणीचं सॉकेट) ६ आणि १४ नंबरच्या पिनांवर मीटर लावायचा, ६० ओहम आले की पुढं जायचं. इथरनेटच्या जोडीला तीच मोजपट्टी लावली की चांगली वायर खराब ठरते आणि मग हजारोंचं मॉड्यूल उगाच बदललं जातं. म्हणून हा धागा काढलाय.

विचारायचं ते असं. ओबीडी पोर्टवर इथरनेट आहे हे ओळखायचं कसं? साध्या लॅन केबलनं लॅपटॉप जोडता येतो का? आतल्या दोन तारांच्या जोडीवर मीटरनं काय मोजायचं? उंदरानं कुरतडलेली जोडी दुरुस्त करता येते का? आणि पुरात उभ्या राहिलेल्या गाडीत ही जोडी कशी तपासायची? आकड्यांसकट लिहा. "शोरूमला न्या" एवढंच उत्तर नको.

शंभर_ओहम

आधी एक घोळ निस्तरूया. गाडीत दोन वेगळ्या जातींचं इथरनेट असतं आणि दोघांचे नियम वेगळे.

ओबीडी पोर्टवर येतं ते १००बेस-टीएक्स. ऑफिसातल्या लॅनमधलंच: चार तारा, पाठवायची जोडी वेगळी, घ्यायची वेगळी. लॅपटॉपचं पोर्ट त्याला थेट बोलू शकतं. बीएमडब्ल्यूनं २००८ च्या ७ सिरीजमध्ये प्रोग्रॅमिंगसाठी हे आणलं. कारण हिशेबातच आहे. ५०० केबीपीएसच्या कॅनवर आठ बाइटच्या फ्रेममधून खरा माल सेकंदाला जेमतेम २८ किलोबाइट सरकतो. १ जीबीचं सॉफ्टवेअर भरायचं तर दहा तास. १०० एमबीपीएसवर तेवढाच माल दीड-दोन मिनिटांत पोचतो. पुढचा वेळ जातो तो ईसीयूच्या (कंट्रोल मॉड्यूलच्या) फ्लॅश मेमरीत लिहिण्यात.

आतलं, म्हणजे गेटवेपासून (गाडीतल्या सगळ्या लाइनी जोडणारं मधलं मॉड्यूल) कॅमेरा, रडार, पडदा, टेलिमॅटिक्सकडे जाणारं, ते बहुतेक १००बेस-टी१. दोनच तारा, पीळ दिलेल्या, सहसा शील्ड नसलेल्या. या दोन तारांवर दोन्ही टोकं एकाच वेळी बोलतात. आपण काय पाठवलं हे प्रत्येक चिपला ठाऊक असतं. ते वजा करून उरलेलं म्हणजे समोरच्याचं. हे मूळचं ब्रॉडकॉमचं ब्रॉडआर-रीच. २०११ मध्ये ओपन अलायन्स स्थापन झाली, २०१३ च्या एक्स५ मध्ये भोवतालच्या कॅमेऱ्यांसाठी ते रस्त्यावर आलं आणि २०१५ मध्ये आयईईई ८०२.३बीडब्ल्यू हे मानक झालं. मर्यादा: १५ मीटर लांबी, वाटेत जास्तीत जास्त चार कनेक्टर, जोडीचा इंपीडन्स (वेगवान सिग्नलला जाणवणारा रोध, साध्या मीटरला न दिसणारा) १०० ओहम.

२०१६ मध्ये एक गिगाबिटचं १०००बेस-टी१ आलं, २०२० मध्ये २.५, ५ आणि १० गिगाबिटचं. मल्टिगिगला शील्डवाली केबल लागतेच. आपल्याकडे येणाऱ्या कामात अजून १००बेस-टी१ चाच भरणा राहील, म्हणून पुढं त्यावरच जास्त लिहितो.

कुपवाड_एमआयडीसी

ओबीडीचा भाग मी घेतो.

पोर्टमध्ये टॉर्च मारून बघा. ३, ११, १२, १३ आणि ८ या जागी पिना भरलेल्या असतील तर इथरनेटची शक्यता मोठी. आयएसओ १३४००-४ मध्ये दोन पर्याय आहेत: एकात ३ व ११ वर गाडी ऐकते आणि १२ व १३ वर बोलते, दुसऱ्यात ३ व ११ च्या ऐवजी १ व ९. दोन्हींत ८ नंबर ही जागं करण्याची लाइन. पण नुसत्या पिना दिसल्या म्हणून ठरवू नका. ३ आणि ११ वर काही कंपन्या दुसरी कॅनसुद्धा आणतात. वायरिंग डायग्रॅम बघूनच केबल लावायची.

पहिल्या पर्यायाची केबल अशी: ओबीडी ३ ते आरजे४५ चा १, ११ ते २, १२ ते ३, १३ ते ६. म्हणजे लॅन केबलची केशरी जोडी ३-११ ला आणि हिरवी जोडी १२-१३ ला. ओबीडीच्या ८ आणि १६ मध्ये ५१० ओहमचा रेझिस्टर. तो अर्ध्या वॉटचा घ्या. पाव वॉटचा का नको? ८ नंबर चुकून जमिनीला टेकला तर १२ व्होल्टला ०.२८ वॉट आणि चालू इंजिनच्या १४.४ व्होल्टला ०.४१ वॉट उष्णता त्यात तयार होते. पाव वॉटचा तिथंच करपतो. रेझिस्टर टोपणाच्या आत बसवून त्यावर श्रिंक स्लीव्ह घाला. १६ नंबरला कायम बॅटरी असते, उघडी तार लॅनच्या पिनेला लागली तर लॅपटॉपचं पोर्ट जातं.

काम झालं की केबल काढून ठेवा. ८ नंबरला व्होल्टेज मिळत राहिलं की गेटवेचं इथरनेट जागं राहू शकतं आणि सकाळी बॅटरी बसलेली मिळते.

विटेकर

केबल बरोबर आहे, लॅपटॉपच्या पोर्टचा दिवाही लागतो, पण सॉफ्टवेअरला गाडी सापडत नाही. अशा वेळी कुठं बघायचं?

कुपवाड_एमआयडीसी

दिवा लागला म्हणजे तारांचं काम झालं. आता सगळं लॅपटॉपच्या बाजूला.

लॅन कार्डाचा पत्ता आपोआप मिळण्यावर ठेवा. गाडी किंवा स्कॅनर डीएचसीपी (पत्ता वाटून देण्याची सोय) देत नसेल तर थोड्या वेळानं लॅपटॉप स्वतःला १६९.२५४ नं सुरू होणारा पत्ता घेतो, सबनेट २५५.२५५.०.०. गाडीही तसाच घेते. कुणी मागं १९२.१६८ चा पत्ता हातानं भरून ठेवला असेल तर दोघांची भेट होणार नाही. सगळ्यात जास्त अडकणारी जागा हीच.

मग वायफाय बंद, व्हीपीएन बंद. गाडी शोधायची हाक ब्रॉडकास्टनं जाते. दोन कार्डं चालू असली की ती चुकीच्या कार्डातून निघून जाते. फायरवॉलमध्ये १३४०० हा पोर्ट यूडीपी आणि टीसीपी दोन्हींसाठी उघडा. इग्निशन चालू ठेवून केबल लावली की डीओआयपीवाली (इथरनेटवरून तपासणीचा प्रमाणित प्रोटोकॉल असलेली) गाडी स्वतःहून अर्ध्या-अर्ध्या सेकंदानं तीनदा आपली ओळख सांगते: १७ अक्षरी व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक), गेटवेचा लॉजिकल पत्ता, मॅक पत्ता. वायरशार्क उघडून फिल्टरमध्ये डीओआयपी टाका. ही ओळख तिथं दिसत असेल आणि सॉफ्टवेअरला दिसत नसेल तर दोष सॉफ्टवेअर किंवा फायरवॉलचा, गाडीचा नाही.

जुन्या एफ-सिरीज बीएमडब्ल्यूवर मात्र डीओआयपी शोधत बसू नका. तिथं एचएसएफझेड हा कंपनीचा स्वतःचा प्रोटोकॉल आहे, पोर्ट टीसीपी ६८०१ आणि यूडीपी ६८११.

स्वाती_मिरज

वरच्यात भर. ओळख मिळाली तरी पुढं रूटिंग अॅक्टिव्हेशनची पायरी असते, म्हणजे टेस्टरला आत बोलायची परवानगी मागायची, आणि तिथं गाडी नकार देऊ शकते. उत्तरातला कोड वाचा, अंदाज बांधू नका. हेक्समध्ये १० आलं तर दार उघडलं. ०० म्हणजे टेस्टरचा पत्ता गाडीच्या ओळखीचा नाही, सॉफ्टवेअरमध्ये गाडीचं मॉडेल चुकीचं निवडलंय. ०१ म्हणजे गाडीची सगळी कनेक्शनं भरलेली. ०३ म्हणजे तोच पत्ता दुसऱ्या कनेक्शनवर चालू. सॉफ्टवेअर मधेच बंद पडून पुन्हा उघडलं की ०१ किंवा ०३ येतात; जुनं कनेक्शन गाडीच्या लेखी अजून जिवंत असतं. निष्क्रिय कनेक्शन सोडायची मुदत ५ मिनिटं आहे, तेवढं थांबा. ०४ म्हणजे ओळखपत्र हवं आणि ०७ म्हणजे टीएलएस (सांकेतिक, सुरक्षित कनेक्शन) हवं, पोर्ट ३४९६. शेवटच्या दोन्हींत कंपनीचा अधिकृत परवाना असल्याशिवाय पुढं जाता येत नाही. त्यावर पळवाटा विचारू नयेत, कुणी सांगूही नयेत.

आणि प्रोग्रॅमिंग करताना बॅटरीला सपोर्ट द्यायला विसरू नका. ५ अँपिअरचा साधा चार्जर पुरत नाही. इग्निशन चालू, पंखे फिरतायत, पडदा चालू, एवढा भार कधीकधी ३०-४० अँपिअरवर जातो. ५० अँपिअरच्या पुढचा, व्होल्टेज स्थिर ठेवणारा सप्लाय हवा.

शंभर_ओहम

आता मीटरकडे.

१००बेस-टी१ च्या जोडीवर ६० ओहम येत नाहीत, यायलाही नकोत. चिप आणि कनेक्टरमध्ये कपॅसिटर असतात, त्यामुळं डीसीनं मोजणाऱ्या मीटरला चिपचा आतला १०० ओहम दिसतच नाही. दिसतं ते एवढंच: बऱ्याच बोर्डांवर कनेक्टरजवळ प्रत्येक तारेवरून एक किलोओहमचा रेझिस्टर एका मधल्या बिंदूकडे जातो. म्हणजे एकच मॉड्यूल जोडलेलं असताना दोन तारांत साधारण २ किलोओहम, दोन्ही टोकं जोडलेली असतील तर साधारण १ किलोओहम. काही बोर्डांवर ही रचना वेगळी असते, म्हणून त्याच मॉडेलच्या चालू गाडीवरचं माप हाताशी ठेवणं चांगलं. ६० किंवा १०० ओहम आले तर वायर चांगली आहे असं नव्हे. कुठंतरी पाणी किंवा अर्धवट शॉर्ट आहे असं समजा.

हे सगळं बॅटरीची निगेटिव्ह काढून, मॉड्यूल झोपल्यावर.

वायर तपासायची तर दोन्ही टोकं सोडवा. ०.१३ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरला सुमारे ०.१३ ओहम, म्हणजे ५ मीटरला ०.७ च्या आसपास. तारेत मिश्रधातू असेल तर थोडा जास्त. मीटरच्या स्वतःच्या वायरींचा ०.२-०.३ ओहम वजा करा. महत्त्वाचं म्हणजे दोन्ही तारांचा आकडा एकसारखा यायला हवा. एक ०.७ आणि दुसरी १.९ असेल तर त्या दुसऱ्या तारेचा क्रिम्प (दाबून बसवलेला जोड) किंवा पिन गेलेली आहे. मग एकमेकींत, जमिनीशी आणि बॅटरीशी शॉर्ट नाही ना ते बघा.

एवढं करूनही वायर निर्दोष ठरत नाही. मीटर फक्त तार अखंड आहे का ते सांगतो. पीळ सुटलाय, इन्सुलेशन दबलंय, जोडीत पाणी शिरलंय, हे त्याला कळत नाही आणि इथरनेट पडतं ते बहुतेक याच कारणांनी.

स्वाती_मिरज

माझी विनंती, मीटर लावायच्याही आधी दोन्ही मॉड्यूलचा सप्लाय आणि अर्थ बघा. ज्याला वीज नाही ते मॉड्यूल लिंक देणार नाही, आणि स्कॅनर "इथरनेट संपर्क नाही" असाच कोड दाखवणार. फ्यूज आणि अर्थ बोल्ट पाच मिनिटांत होतात.

ऑसिलोस्कोप असेल तर एक फार उपयोगी तपासणी सांगते. टी१ मध्ये एक टोक मास्टर आणि दुसरं स्लेव्ह असतं, कारखान्यातच ठरवलेलं. मास्टर स्वतःहून सिग्नल पाठवायला लागतो. स्लेव्ह मास्टरचं घड्याळ ऐकल्याशिवाय तोंड उघडत नाही. त्यामुळं लिंक पडलेली असताना कनेक्टर सोडवा, इग्निशन चालू करा आणि दोन्ही मॉड्यूलच्या पिनांवर पाळीपाळीनं प्रोब लावा. एका टोकाला गोंधळासारखा दिसणारा सिग्नल हवा, दोन तारांमधला एक-दोन व्होल्टचा. दुसरं टोक गप्प असायला हवं. दोन्ही गप्प असतील तर मास्टर मेलाय किंवा जागाच झाला नाही. मास्टर बोलतोय, वायर जोडली की स्लेव्हच्या टोकाला तो सिग्नल पोचतोय, तरी लिंक नाही, तर संशय स्लेव्हवर.

स्कोप २०० मेगाहर्ट्झच्या आसपासचा आणि प्रोब डिफरन्शियल असावा. दोन साध्या प्रोबा लावून एकातून दुसरी वजा केली तरी ढोबळ उत्तर मिळतं. चालू लिंकवर डेटा नसतानाही सिग्नल सतत दिसतो, म्हणून "काहीतरी हलतंय" यावरून डेटा जातोय असं समजू नका.

विटेकर

मग चालू जोडीवर टॅप मारून डेटा वाचता येईल का? कॅनवर आपण दोन तारा चिकटवल्या की झालं.

शंभर_ओहम

नाही साहेब. दोन्ही बाजूंचं बोलणं एकाच जोडीवर मिसळलेलं असतं. ते सुटं करायला आपण काय पाठवलं हे माहीत असावं लागतं, आणि ते फक्त त्या दोन टोकांनाच माहीत. तिसऱ्याला नुसती खिचडी दिसते. शिवाय टॅपच्या तारेनं इंपीडन्स बिघडतो आणि चालू लिंकही डळमळते. वाचायचंच असेल तर जोडी तोडून मध्ये अॅक्टिव्ह टॅप बसवतात, दोन्हींकडे त्याच्या स्वतःच्या चिपा, किंवा गाडीच्या स्विचवर मिरर पोर्ट (जाणाऱ्या डेटाची प्रत देणारा) उघडावा लागतो.

डॅशकॅम, जीपीएस आणि अॅलार्म बसवणाऱ्या मंडळींना तर हात जोडून सांगणं आहे: आरशामागच्या आणि डॅशबोर्डखालच्या लूममध्ये (वायरींच्या जुडग्यात) पिळाची बारीक जोडी दिसली की तिच्यावर चिमटा मारू नका. वीज फ्यूजबॉक्समधून घ्या.

कराडकर

उंदरांवर या आता. साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला, ऊस तुटायला लागला की शेतातले उंदीर पार्किंगमध्ये येतात. दोन्ही तारा कुरतडलेल्या, मध्ये चार-पाच सेंटिमीटर गायब. माझं म्हणणं असं की दोन्ही तुकडे सारख्या लांबीचे घेऊन नीट सोल्डर केलं, स्लीव्ह घातली, तर १०० एमबीपीएसची लिंक येते. "अजिबात जोडता येत नाही" हे अतिशयोक्त आहे.

शंभर_ओहम

लिंक येते हे खरं, आणि का येते तेही सांगतो. १००बेस-टी१ चा वेग सेकंदाला ६.६७ कोटी चिन्हं, म्हणजे सिग्नलचा मुख्य भाग ३३ मेगाहर्ट्झच्या खाली. केबलमध्ये त्याची तरंगलांबी ६ मीटरच्या आसपास. त्यापुढं ५ सेंटिमीटरचा सांधा किरकोळ. परावर्तन फारसं होत नाही. हाच सांधा १०००बेस-टी१ वर मारा. तिथं ३७५ मेगाहर्ट्झपर्यंत सिग्नल, तरंगलांबी ५३ सेंटिमीटर. ५ सेंटिमीटर म्हणजे तिचा दहावा हिस्सा. लिंक आलीच तर चुका मोजता मोजता पुरेवाट होईल.

पण १०० एमबीपीएसवरही खरी गोम परावर्तनात नाही, समतोलात आहे. जोडीला शील्ड नसूनही ती टिकते कारण बाहेरचा गोंगाट दोन्ही तारांत सारखा शिरतो आणि वजाबाकीत जातो. सांध्यात एक तार ३ मिलिमीटर लांब, तिच्यावर सोल्डरचा गोळा जाड, पीळ सुटलेला; की गोंगाट दोन्हींत वेगवेगळा शिरतो. गॅरेजमध्ये गाडी उभी असताना सगळं झकास. वायपर, हॉर्न, इलेक्ट्रिक गाडीतला इन्व्हर्टर चालू झाला की कॅमेरा क्षणभर काळा. उलट दिशेनंही तेच: जोडी स्वतः गोंगाट बाहेर टाकते आणि एफएम रेडिओत खरखर येते. यात सोल्डरचा आणखी एक तोटा. टाका संपतो तिथं तार ताठ होते आणि खंबाटकीसारख्या घाटातल्या हादऱ्यांनी नेमकी तिथंच तुटते.

कराडकर

मान्य. मग मधला मार्ग?

शंभर_ओहम

पहिली पसंती: एका कनेक्टरपासून दुसऱ्यापर्यंत पूर्ण जोडी नवी टाकायची. जुनी जोडी लूममधून ओढत बसू नका. दोन्ही टोकं कापून, इन्सुलेट करून तिथंच सोडा आणि नवी लूमच्या बाहेरून टाय मारत न्या. वायर १०० ओहमची, गाडीच्या इथरनेटसाठी बनवलेली, १०५ किंवा १२५ अंश सेल्सिअसची. कनेक्टर मेट-नेट किंवा एच-एमटीडी जातीचा असेल तर टोकं तयार बसवलेला तुकडाच घ्या. त्या बारीक टर्मिनलचा क्रिम्प साध्या पक्कडीनं होत नाही. पक्कड त्या टर्मिनलच्या उत्पादकाचीच लागते.

कंपनीच्या मॅन्युअलमध्ये सांध्याची परवानगी असेल तरच सांधा. त्यांनी दिलेली क्रिम्प-स्लीव्ह वापरून, दोन्ही तारा मिलिमीटरपर्यंत सारख्या, सांध्याच्या दोन्ही बाजूंनी पीळ जितका जवळ आणता येईल तितका जवळ. किती पीळ सुटलेला चालेल हे बघायचं असेल तर कारखान्यातून आलेलं टोक बघा. त्याहून जास्त नको. पीळ मोजायचा आणि तेवढाच ठेवायचा. कापडी टेपनं घट्ट आवळू नका, दाबल्यानं तारा जवळ येऊन इंपीडन्स उतरतो.

ऑफिसच्या कॅट५ई केबलमधली जोडी बेंचवर तपासणीला चालते, तीही १०० ओहमचीच. गाडीत कायमची घालू नका. तिची तार एकसंध, हादऱ्यानं तुटते, आणि पीव्हीसी बॉनेटखालच्या उष्णतेला टिकत नाही.

स्वाती_मिरज

काम झाल्यावर "कॅमेरा आला" यावर गाडी देऊ नका. बहुतेक टी१ चिपा सिग्नलची गुणवत्ता एसक्यूआय म्हणून ० ते ७ अशी देतात. चांगल्या स्कॅनरवर किंवा कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये मॉड्यूलच्या लाइव्ह डेटात दिसते. हॉर्न, वायपर, एसीचा पंखा, हेडलाइट एकेक चालू करत आकडा बघा. ७ वरून ६ झाला तर चालेल, २-३ वर येत असेल तर सांधा परत करा. लिंक किती वेळा पडली याचा मोजणीदार असतो, तो शून्य करून चाचणीला रस्त्यावर काढा. टी१ ची लिंक तुटली तर शंभरेक मिलिसेकंदांत परत उभी राहते, त्यामुळं वायर हलवून बघताना स्कॅनरला पत्ताही लागत नाही. मोजणीदाराला लागतो.

काही चिपांत केबल तपासणीही असते. सिग्नल सोडून परावर्तन किती वेळानं आलं ते मोजतात. जाऊन-येऊन मीटरला १० नॅनोसेकंद. "३ मीटरवर ओपन" एवढं कळलं तरी अख्खा डॅशबोर्ड खोलायचा वाचतो.

कृष्णाकाठ

पुराचं मी लिहितो. २०१९ आणि २०२१ मध्ये सांगलीत किती गाड्या पाण्यात उभ्या राहिल्या हे सगळ्यांनी पाहिलंय, आणि त्यातल्या जुन्या बाजारात फिरतायत.

पुराच्या गाडीला इग्निशन देऊन बघायचा मोह आवरा. आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा. पाणी आणि १२ व्होल्ट एकत्र आले की पॉझिटिव्ह पिनेचं तांबं विरघळतं, तासांत. इथरनेटच्या जोडीवर सहसा डीसी नसतो, म्हणून ती एकटी असेल तर तिची पिन त्या मानानं टिकते. पण एकाच कनेक्टरमध्ये शेजारी कायम बॅटरीची पिन असेल तर हिरवा थर पसरत जोडीपर्यंत येतो. असे मिश्र कनेक्टर पहिले उघडायचे: सीटखालचे, कार्पेटखालचे, दाराच्या उंबऱ्याच्या पट्टीखालचे.

आपल्याकडचा गाळ काळ्या मातीचा. वाळला की पिनांभोवती सिमेंटसारखा बसतो, आणि पावसाळी हवेत परत ओल धरतो. म्हणून आधी स्वच्छ पाण्यानं धुवायचं, मग डिस्टिल्ड वॉटर, मग ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, मग ५०-६० अंशांच्या कोमट हवेनं वाळवायचं. हीट गन जोरात मारली तर सील आक्रसतं. गंज सोडवायचा तेलकट स्प्रे जोडीच्या पिनांवर नको, थर राहतो आणि धूळ धरतो. ग्रीस लावायचंच तर रबरी सीलवर.

आता नेहमी नजरेतून सुटणारी गोष्ट. पिन पुसून चकचकीत केली म्हणजे तार चांगली झाली असं नाही. पाणी बारीक तारांच्या मधून, इन्सुलेशनच्या आत, केशाकर्षणानं वर चढतं. इन्सुलेशन सोलून बघा: वरून पांढरं, आत तांबं काळं-हिरवं, बोटभर, कधी वीतभर. लखलखीत तांबं लागेपर्यंत मागं जायचं. जोडीच्या एका तारेत असं दिसलं तरी दोन्ही बदलायच्या, कारण सारखेपणा हाच तिचा जीव.

आणि ओली जोडी मीटरला फसवते. पाण्याची विद्युतपारगम्यता ८० च्या आसपास, प्लास्टिकची २-३. तारांमध्ये पाणी भरलं की कपॅसिटन्स वाढतो, १०० ओहमचा इंपीडन्स खाली येतो, लिंक पडते. रोध मात्र ठीक. उन्हात दोन दिवस उभी केली की गाडी चालते, पहिल्या पावसात परत बंद. अशी तक्रार ऐकली की कार्पेट उचलाच. खालचा फोम आठवडेच्या आठवडे पाणी धरून ठेवतो. बंद करताना कनेक्टरच्या रिकाम्या भोकांतली रबरी बुचं परत बसवा. ती हरवली की तिथूनच पाणी आत जातं.

विटेकर

कॅमेऱ्याची प्रत्येक केबल इथरनेटच असते का? आणि ऊस वाहतुकीच्या ट्रॅक्टरवर हे कुठवर आलंय?

कुपवाड_एमआयडीसी

नाही, हा गोंधळ सर्रास होतो. एकच मध्यतार असलेली, रंगीत चौकोनी टोपणाची कोअॅक्स केबल दिसली तर ते इथरनेट नव्हे. ते जीएमएसएल किंवा एफपीडी-लिंक (कॅमेऱ्याचं चित्र थेट नेणाऱ्या वेगळ्या लिंका), किंवा साधा अॅनालॉग व्हिडिओ. कारण परत हिशेबातच: १२८० बाय ९६० चं चित्र, १२ बिट, सेकंदाला ३० चित्रं म्हणजे ४४ कोटी बिट. १०० एमबीपीएसमध्ये ते दाबल्याशिवाय मावत नाही. म्हणून चित्र कच्चंच न्यायचं असेल तर कोअॅक्स, कॅमेऱ्यातच दाबून न्यायचं असेल तर इथरनेट. बाहेरून बसवलेले ३६० कॅमेरे बहुतेक अॅनालॉग असतात.

ट्रॅक्टरवर काळजी नको. जिथं इलेक्ट्रॉनिक इंजिन आहे तिथं जे१९३९, म्हणजे २५० केबीपीएसची कॅन. ६० ओहमचा नियम तिथं ठणठणीत लागू आहे. आणि कॅन आणि लिन (एका तारेची साधी, हळू लाइन) मोटारीतूनही जाणार नाहीत. खिडकीच्या मोटरला १०० एमबीपीएस देऊन करायचंय काय?

वालचंद_ईटीसी

आम्हा विद्यार्थ्यांचा एक प्रश्न. १०बेस-टी१एस मध्ये एकाच जोडीवर अनेक नोड (जोडलेली मॉड्यूलं) लागतात असं वाचलं. मग ते कॅनसारखं तपासता येतं का? आणि बेंचवर १००बेस-टी१ शिकायला कमीत कमी काय लागतं?

स्वाती_मिरज

१०बेस-टी१एस हे ८०२.३सीजी मधलं, २०१९ मध्ये मंजूर झालेलं. १० एमबीपीएस, किमान ८ नोड आणि २५ मीटर, दोन्ही टोकांना १०० ओहमचं टर्मिनेशन, मधल्या नोडची फांदी १० सेंटिमीटरच्या आत. रचना कॅनसारखी दिसते, पण टक्कर टाळायची रीत वेगळी: पीएलसीए. शून्य क्रमांकाचा नोड हाक देतो आणि प्रत्येकाला पाळीपाळीनं बोलायची संधी मिळते. दोन नोडना एकच क्रमांक दिला की दोघं एकदम बोलतात आणि पॅकेट गळतात. बेंचवर सगळ्यात जास्त वेळ यातच जातो, म्हणून क्रमांक कागदावर लिहून बोर्डावर चिकटवा. मायक्रोचिपच्या एलएएन८६७० चा यूएसबी बोर्ड दोन लॅपटॉपांना एकेक लावला की सुरुवात होते.

१००बेस-टी१ साठी दोन मीडिया कन्व्हर्टर (साधं लॅन आणि टी१ यांच्यात बदल करणारे डबे), दोन लॅपटॉप आणि पिळाची एक-दोन मीटर जोडी पुरे. लिनक्सवर इथटूल (लॅन कार्ड तपासायची कमांड) चालवलं तर चिप आणि ड्रायव्हरची साथ असेल तिथं एसक्यूआय आणि मास्टर-स्लेव्हची स्थितीही दिसते. कन्व्हर्टरमधली टी१ चिप मात्र लॅपटॉपला दिसत नाही. त्यासाठी टी१ चिप थेट असलेलं यूएसबी अडॅप्टर हवं.

मग मुद्दाम बिघडवून बघा. जोडीचा पीळ १० सेंटिमीटर सोडा, शेजारून ड्रिल मशिन चालवा, पिंग गळतात का ते मोजा. एक तार ५ सेंटिमीटर लांब करा, परत मोजा. जोडी ओल्या फडक्यात गुंडाळा, परत मोजा. वर शंभर_ओहम आणि कृष्णाकाठ यांनी लिहिलेलं सगळं टेबलावर दिसेल.

वालचंद_ईटीसी

धन्यवाद ताई. दोन कन्व्हर्टर जोडले तर लिंकचा दिवा लागत नाही. वायर उलटसुलट करून पाहिली.

स्वाती_मिरज

दोन्ही मास्टरवर असतील. १००बेस-टी१ मध्ये सहसा आपसांत ठरवाठरवी होत नाही, एक मास्टर आणि एक स्लेव्ह हातानंच ठेवावा लागतो. कन्व्हर्टरवरच्या बारीक स्विचांपैकी एक त्यासाठी असतो. गाडीतल्या मॉड्यूलला जोडतानाही हेच: मॉड्यूल स्लेव्ह असेल तर कन्व्हर्टर मास्टर. तारांची उलटापालट काही चिपा स्वतः सावरून घेतात, काही नाही, म्हणून प्लस-मायनस खुणेप्रमाणेच ठेवा. आणि स्विच बदलल्यावर कन्व्हर्टरची वीज काढून परत द्या. बऱ्याच चिपा ती निवड फक्त सुरू होतानाच वाचतात.